विश्लेषण : ‘कट्ट’ आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला का? कायरोप्रॅक्टिक उपचार कधी घ्यावेत, कधी टाळावेत?

टेबलावर पालथा झोपलेला रुग्ण, त्याच्या पाठीवर दोन्ही तळवे टेकवून उभा असलेला उपचारक, एक झटका आणि मोबाइलमधून ऐकू येणारा ‘कट्ट’ असा आवाज. पुढच्याच क्षणी रुग्णाच्या चेहऱ्यावर सुटकेचे हसू. अशा रील्स आता घरोघरी पाहिल्या जातात. मुंबई, पुण्यासारख्या शहरांत ‘कायरोप्रॅक्टिक’चे फलकही दिसू लागले आहेत. महिनोन्‌महिने पाठ, मान किंवा गुडघे दुखणाऱ्यांना हा उपाय स्वाभाविकच मोह घालतो. पण हा झटका नेमके काय करतो, कोणाला त्याचा उपयोग होतो आणि कोणासाठी तो धोक्याचा ठरू शकतो, हे रील सांगत नाही.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे काय?

हाताने मणक्यांवर आणि सांध्यांवर उपचार करण्याची ही पद्धत आहे. ग्रीक भाषेतील ‘हात’ आणि ‘कृती’ या अर्थाच्या शब्दांवरून तिचे नाव पडले. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट शहरात डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये तिची सुरुवात केली. पामर डॉक्टर नव्हते, ते चुंबकीय उपचार करत. हार्वे लिलार्ड या सफाई कर्मचाऱ्याला नीट ऐकू येत नव्हते. त्याच्या पाठीतील मणक्यावर दाब दिल्यावर त्याला ऐकू येऊ लागले, असा पामर यांचा दावा होता. १८९७ मध्ये त्यांनी या पद्धतीचे विद्यालय सुरू केले.

मणके किंचित सरकतात, त्यामुळे नसांवर दाब येतो आणि बहुतेक आजार त्यातूनच होतात, अशी पामर यांची मांडणी होती. या सरकण्याला त्यांनी ‘सबलक्सेशन’ म्हटले. वैद्यकशास्त्राला या सिद्धांताचा पुरावा मिळालेला नाही. मुळात कानाची नस पाठीच्या मणक्यांतून जातच नाही. ती कवटीच्या आतच मेंदूला जोडलेली असते.

या मूळ दाव्यामुळे अमेरिकेतील डॉक्टरांची संघटना आणि कायरोप्रॅक्टर यांच्यात दीर्घकाळ संघर्ष चालला. संघटनेने कायरोप्रॅक्टरांवर टाकलेला बहिष्कार स्पर्धाविरोधी कायद्याचा भंग करणारा आहे, असा निकाल तेथील न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. हा निकाल स्पर्धेच्या कायद्यापुरता होता. त्यातून सबलक्सेशनचा सिद्धांत सिद्ध झाला नाही. आज अनेक कायरोप्रॅक्टर तो सिद्धांत बाजूला ठेवून केवळ पाठ, मान आणि सांध्यांच्या दुखण्यावर काम करतात. काही जण मात्र अजूनही दम्यापासून रक्तदाबापर्यंत सगळ्याचे मूळ मणक्यात शोधतात. रुग्णाने हा फरक ओळखणे महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा आहे का?

नाव नवे असले तरी कल्पना जुनी आहे. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, हा गावोगावचा रिवाज होता. मुरगळलेला पाय घेऊन लोक हाडवैद्याकडे जात. केस कापून झाल्यावर मान दोन्ही बाजूंना मोडून देणे हा तर अनेक सलूनमध्ये आजही सेवेचाच भाग समजला जातो.

या सगळ्यामागे एकच समज आहे. आत काहीतरी जागेवरून सरकले आहे आणि कोणीतरी जाणकाराने ते पुन्हा बसवायला हवे. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’ ही वाक्ये त्याच समजातून येतात. दुखण्याचे खरे चित्र मात्र बहुतेक वेळा तसे नसते.

‘कट्ट’ आवाज नेमका कशाचा असतो?

हाड बसल्याचा नाही. सांध्यामध्ये वंगणासारखा द्रव असतो. सांध्याच्या दोन पृष्ठभागांमध्ये एकदम अंतर पडले की आतला दाब घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. बोटे मोडताना येणारा आवाजही असाच असतो. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोट ओढले जात असतानाच त्याचे एमआरआय चित्रण केले. आवाजाच्या क्षणी सांध्यात पोकळी निर्माण होत असल्याचे त्यात दिसले. ही पोकळी तयार होताना आवाज येतो की बुडबुडा फुटताना, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण हाड जागेवर येण्याशी त्याचा संबंध नाही, याबाबत दुमत नाही.

म्हणूनच मोठा आवाज म्हणजे चांगला उपचार, हे समीकरण चुकीचे आहे. आवाज न येताही आराम पडू शकतो आणि आवाज येऊनही दुखणे तसेच राहू शकते.

बोटे मोडल्याने संधिवात होतो, ही भीतीही निराधार आहे. कॅलिफोर्नियातील डॉ. डोनाल्ड उंगर यांनी ६० वर्षांहून अधिक काळ केवळ एकाच हाताची बोटे मोडली. दोन्ही हातांत संधिवात नसल्याचे त्यांना आढळले. या चिकाटीबद्दल त्यांना २००९ मध्ये ‘इग नोबेल’ हा गमतीदार पुरस्कारही मिळाला.

मग झटक्यानंतर बरे का वाटते?

बरे वाटणे खोटे नसते. झटक्यामुळे सांध्याभोवतीच्या स्नायूंना आणि नसांना अचानक ताण मिळतो. आखडलेले स्नायू काही वेळ सैल होतात, वेदनेची जाणीव कमी होते, हालचाल मोकळी वाटते. कोणीतरी वेळ देऊन दुखणे ऐकून घेतले, हात लावून तपासले, याचाही परिणाम होतो.

दुसरे कारण दुखण्याच्या स्वभावात आहे. अचानक भरलेली उसण अनेकांची काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप ओसरते. माणूस उपचाराला जातो तो दुखणे टिपेला पोहोचल्यावर. त्यानंतर ते उतरणारच असते. अशा वेळी जो उपाय केला त्यालाच श्रेय मिळते, मग तो झटका असो, लेप असो की पायाळूचा पाय.

संशोधनाचा कौल काय आहे?

पाठदुखीचा आवाका मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगभरात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. यातील सुमारे ९० टक्के दुखण्यांमागे एखादे ठरावीक हाड, गादी किंवा आजार बोट दाखवून सांगता येत नाही.

या गटाच्या रुग्णांसाठी मणक्यांवरील हस्तोपचाराचा उपयोग होतो, पण तो मर्यादित आहे. अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीत अशा उपचारांनी सहा आठवड्यांपर्यंतच्या काळात वेदना १०० पैकी सुमारे १० अंकांनी कमी झाल्याचे त्यात आढळले. जुनाट कंबरदुखीबाबत २०१९ मध्ये ‘बीएमजे’मध्ये आलेल्या आढाव्याचा निष्कर्ष असा, की व्यायामासारख्या शिफारस केलेल्या इतर उपचारांइतकाच याचा परिणाम होतो. म्हणजे तो निरुपयोगी नाही आणि चमत्कारही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. रुग्णाला दुखण्याची नीट माहिती देणे, व्यायाम, मणक्यांवरील हस्तोपचार, मसाज आणि मानसोपचाराच्या काही पद्धती यांचा त्यांत समावेश आहे. कमरेचा पट्टा, वजन लावून ताण देणे आणि अफूजन्य वेदनाशामके यांचा सरसकट वापर करू नये, असे त्या सांगतात. ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था तर स्पष्ट म्हणते की, हस्तोपचार करायचा असेल तर तो व्यायामाच्या जोडीनेच करावा, एकट्याने नव्हे.

एमआरआयमध्ये ‘गॅप’ दिसला तर?

अहवालातील शब्दांनी घाबरून अनेक जण झटक्याकडे वळतात. पण अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तरी त्यांत झीज दिसते. २०१५ मध्ये अशा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. वेदना नसलेल्या विशीतील ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीच्या वयातील ९६ टक्के लोकांत मणक्यांमधील गादीची झीज आढळली. केस पिकावेत तसाच हा वयाचा भाग आहे. तेव्हा ‘एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसते, ती दहा बैठकांत आत ढकलतो’ असे कोणी सांगितले तर ते शास्त्राला धरून नाही. बाहेर आलेली गादी हाताने आत ढकलता येत नाही. अनेकदा शरीरच काही महिन्यांत तिचा फुगवटा कमी करते.

मानेचा झटका वेगळा का मानला जातो?

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या चारपैकी दोन प्रमुख रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांमधील छिद्रांतून वर जातात. मान जोरात पिळली गेल्यास या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर जाऊ शकते. तेथे रक्ताची गुठळी तयार होऊन ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. असे क्वचितच घडते, पण घडले तर त्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागते आणि तरुणही त्याला अपवाद नसतात. सलूनमध्ये मान मोडून घेतल्यानंतर पक्षाघात झाल्याच्या घटना भारतातही समोर आल्या आहेत.

झटक्यामुळेच चीर जाते का, यावर संशोधकांत वाद आहे. चीर आधीच पडलेली असली तर तिचे पहिले लक्षण मानदुखीच असते आणि त्या दुखण्यासाठीच रुग्ण उपचाराला जातो. कॅनडातील ओंटारियो प्रांतात २००८ मध्ये झालेल्या अभ्यासात कायरोप्रॅक्टरकडे गेलेल्यांइतकाच संबंध फॅमिली डॉक्टरकडे गेलेल्यांतही आढळला होता. अमेरिकेच्या हृदयविकार संघटनेने २०१४ मध्ये दोन्ही बाजू पाहून भूमिका मांडली. कारण सिद्ध झालेले नसले तरी संबंध दिसतो, म्हणून मानेवर असा उपचार करण्याआधी रुग्णाला या धोक्याची कल्पना द्यायला हवी, असे तिने सांगितले.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. मानदुखीसाठी व्यायाम आणि हलक्या हाताचे उपचार असे सुरक्षित पर्याय असताना मानेला झटका देऊन घेण्याची घाई करू नये. मानेला पट्टा अडकवून डोके एका हिसक्यात ओढण्याचा जो प्रकार रील्समध्ये दिसतो, तो तर टाळलेलाच बरा.

झटका अजिबात नको, आधी डॉक्टर, असे कधी?

काही लक्षणे दिसली तर कोणत्याही केंद्रात न जाता थेट रुग्णालय गाठावे. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, लघवी अडकणे, जांघेत व बैठकीच्या भागात बधिरपणा येणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे ही पाठीच्या खालच्या नसांचा गुच्छ दबल्याची चिन्हे असू शकतात. येथे तासांनाही महत्त्व असते. मानेत किंवा डोक्यात पूर्वी कधी न झालेली तीव्र कळ अचानक उठणे, सोबत चक्कर, दोन-दोन दिसणे, बोलताना जीभ जड होणे किंवा तोल जाणे, हीसुद्धा तातडीची लक्षणे आहेत.

ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, रात्रीचा घाम ही लक्षणे भारतात विशेष लक्ष देण्याजोगी आहेत. मणक्याच्या क्षयाचे रुग्ण आपल्याकडे आजही मोठ्या संख्येने आढळतात. क्षयाने पोखरलेल्या मणक्यावर झटका बसला तर मज्जारज्जूला इजा होऊन पाय कायमचे लुळे पडू शकतात. क्षयाची औषधे सरकारी यंत्रणेत मोफत मिळतात आणि वेळेत सुरू केल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. त्यामुळे निदान लांबणे हेच येथे मोठे नुकसान असते.

पूर्वी कर्करोग झालेल्या, हाडे ठिसूळ असलेल्या, दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या, नुकताच अपघात झालेल्या आणि मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींनी डॉक्टरांच्या तपासणीशिवाय झटका घेऊ नये. आमवाताच्या रुग्णांत मानेचे वरचे सांधे सैल झालेले असू शकतात. तरुणपणी सुरू झालेली, सकाळी पाठ ताठ करणारी आणि हालचालीने मोकळी होणारी पाठदुखी असेल तर संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवावे. त्यात मणके एकमेकांना जुळत जातात आणि असा ताठ कणा झटक्याने मोडू शकतो.

गुडघे, खांद्यांच्या दुखण्यात उपयोग होतो का?

गुडघ्याच्या झिजेत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि वजन कमी करण्याचा. हस्तोपचाराने काही काळ हालचाल सोपी होऊ शकते, पण झिजलेली कूर्चा त्याने परत येत नाही. मधुमेहींमध्ये खांदा गोठण्याचे प्रमाण अधिक असते. तेथे साखर नियंत्रणात ठेवणे आणि धीराने व्यायाम करणे गरजेचे असते. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल तर तो चोळण्या-ओढण्याआधी डॉक्टरांना दाखवावा.

भारतात कायदा काय सांगतो?

अमेरिकेत कायरोप्रॅक्टरला राज्याचा परवाना लागतो. ब्रिटनमध्ये १९९४ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या सूचनांनुसार पूर्ण शिक्षणासाठी किमान ४,२०० तासांचे अध्यापन आवश्यक मानले जाते. त्यातले किमान १,००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर काम करण्याचे असतात.

भारतात कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी अशी वैधानिक परिषद नाही. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील पद्धतींतही तिचा समावेश नाही. त्यामुळे परदेशात काही वर्षांचे शिक्षण घेतलेली व्यक्ती आणि अल्पमुदतीचा वर्ग करून फलक लावणारी व्यक्ती, दोघांच्या दारावर एकच नाव असू शकते. रुग्णापुढची खरी अडचण हीच आहे.

फिजिओथेरपिस्टांचे तसे नाही. केंद्राच्या २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात त्यांचा समावेश आहे. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे. हाताने सांधे मोकळे करण्याचे प्रशिक्षण अनेक फिजिओथेरपिस्टांनी घेतलेले असते. कायरोप्रॅक्टिकच्या नावाने काम करणाऱ्यांपैकीही काही जण मूळचे फिजिओथेरपिस्टच असतात.

उपचाराआधी काय विचारावे?

मूळ पदवी कोणती, ती कोठून घेतली आणि नोंदणी क्रमांक काय, हा पहिला प्रश्न. नोंदणीकृत व्यावसायिकाला तो सांगण्यात अडचण नसते. दुसरा प्रश्न, निदान काय आणि झटक्याशिवाय दुसरा पर्याय कोणता. तिसरा, धोके कोणते आणि मानेवर झटका देणार का. ‘मानेला नको’ असे सांगण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. चौथा, किती बैठकांत फरक दिसायला हवा आणि नाही दिसला तर पुढे काय.

चांगला उपचारक आधी सविस्तर विचारपूस करतो, पायांतील ताकद आणि संवेदना तपासतो, घरी करायचे व्यायाम शिकवतो आणि गरज पडल्यास डॉक्टरकडे पाठवतो. तपासणीआधीच झटका देणे, पहिल्याच दिवशी डझनावारी बैठकांचे पैसे आगाऊ मागणे, चालू असलेली औषधे बंद करायला सांगणे, तान्ह्या मुलांचे मणके ‘नीट’ करण्याची तयारी दाखवणे, प्रत्येक आजार मणक्यातून बरा करण्याचे आश्वासन देणे आणि उपचाराचे चित्रीकरण समाजमाध्यमांवर टाकण्याचा आग्रह धरणे, यांपैकी काहीही आढळले तर तेथून उठून यावे. चार-सहा बैठकांनंतरही फरक नसेल तर तोच उपचार वाढवत नेण्यात अर्थ नाही.

घरी काय करता येईल?

धोक्याची लक्षणे नसतील तर नव्या उसणीत अंथरुणाला खिळून राहू नये. शेक घ्यावा, झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवावी. वेदनाशामक गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून थोडे दिवस घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा जठराचा व्रण असणाऱ्यांनी ती परस्पर घेऊ नये. काही आठवड्यांत उतार पडला नाही किंवा दुखणे पायात उतरू लागले, तर तपासणी करून घ्यावी.

उसण पुन्हा भरू नये यासाठीचा उपाय तर बिनखर्चाचा आहे. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या लोकांच्या एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत चालण्याचा कार्यक्रम दिला गेला. दुसऱ्या गटाला असे काही दिले नव्हते. न चालणाऱ्या गटात दुखणे पुन्हा उलटण्याचा मध्यक काळ ११२ दिवस होता, चालणाऱ्या गटात तो २०८ दिवसांवर गेला. चालताना कोणताही आवाज येत नाही आणि त्याचे रील पाहायलाही कोणी थांबणार नाही, पण पाठीला दीर्घकाळ साथ देणारे उपचार बहुधा असेच असतात.